बेटावरचा दिवा आणि रहस्यकादंबरी

मराठीत ‘दीपस्तंभ’ हा शब्द समुद्रकिनाऱ्यापेक्षा सत्कारसमारंभांत अधिक वेळा कानी पडतो. एखादा समाजसुधारक, एखादे मुख्याध्यापक, एखादी शिक्षणसंस्था ‘दीपस्तंभ’ ठरते. मानपत्रांतून आणि मृत्युलेखांतून हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या मूळ अर्थापर्यंत पोहोचण्यासाठी वाचकाला क्षणभर थांबावे लागते. कोकणातला खलाशी त्याच वस्तूला सरळ ‘लाइटहाऊस’ म्हणतो. ‘दीपगृह’ हा तिसरा शब्दही मराठीत आहे, पण तो भूगोलाच्या पुस्तकातून फारसा बाहेर पडलेला नाही. या शब्दांतील भेद केवळ पर्यायाचा नव्हे. स्तंभाला आत नसते. गृहाला आत असते. स्तंभाकडे दुरून पाहावयाचे असते. गृहात कोणी राहत असते, जेवत असते, भांडत असते, आजारी पडत असते. मराठी भाषेने दिव्याचा स्तंभ उपमान म्हणून स्वीकारला आणि दिव्याचे घर बाजूला ठेवले.

एकाकी बेटावरील दीपगृहात घडलेल्या खुनाची कादंबरी या स्तंभाचे पुन्हा घर करते, हे तिचे पहिले वाङ्मयीन कार्य होय. खून झाला की उपमान निरुपयोगी ठरते. तपास करणाऱ्याला जिन्याच्या पायऱ्या मोजाव्या लागतात. दार आतून लागते की बाहेरून हे पाहावे लागते. दोर कोठे टांगलेला असतो, किल्ली कोणाजवळ असते, रात्री शेवटचा दिवा कोणी पाहिला, सकाळी किती जणांनी चहा घेतला, हे सारे विचारावे लागते. ज्यांच्या अस्तित्वाची एरवी कोणी दखल घेतली नसती अशा माणसांची हजेरी रहस्यकादंबरी घेते. ती माणूस मेल्यानंतर घेते, हे या प्रकाराचे दुःख आहे. तरीही ती घेते, आणि शेवटपर्यंत घेते, ही त्याची नैतिक बाजू आहे.

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेड्यातून या प्रकाराकडे पाहिले तर त्याचे एक वेगळेच अंग दिसू लागते. येथून अरबी समुद्र रस्त्याने सातशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कोलार आणि कन्हान या नद्यांच्या परिसरातील या गावाची ओळख औष्णिक वीजकेंद्रामुळे आहे. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा पाचवा संच मिळून १३४० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र १९८९ ते २०११ या काळात टप्प्याटप्प्याने उभे राहिले. त्याच्या उंच चिमण्यांवर रात्री तांबडे दिवे लागतात ते विमानांना इशारा म्हणून. पण इतरांच्या घरी दिवा लागावा म्हणून रात्रभर जागणाऱ्यांची ही वस्ती आहे, हा त्याहून महत्त्वाचा संदर्भ होय. दीपगृहाचा रखवालदार आणि वीजकेंद्रातील पाळीवरचा कामगार यांच्यांत भूगोलाचे अंतर मोठे असले तरी नियतीचे फारसे नाही. दोघांचेही काम चोख झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. दिवा गेला तरच त्यांची आठवण होते.

मराठी रहस्यकथेची परंपरा अशाच वाचकांनी जगविली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या धर्तीवरील कादंबऱ्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या अभिरुचीचा पाया घातला. बाबुराव अर्नाळकरांनी तिला घराघरांत नेले. १९३६ ते १९८४ या काळातील त्यांच्या १,०९२ रहस्यकथांची नोंद गिनीजच्या विक्रमपुस्तकाने घेतली. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. त्यांनी धारण केलेले टोपणनाव मात्र वसईच्या उत्तरेकडील अर्नाळ्याची, म्हणजे किनाऱ्यासमोरच्या बेटावर जलदुर्ग असलेल्या एका ठिकाणाची, आठवण देणारे आहे. मराठीतील सर्वांत विपुल रहस्यलेखक आपल्या नावातच एक बेट घेऊन वावरला, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या पुस्तकांनी फिरती वाचनालये, एस. टी. स्थानके आणि रेल्वे फलाटांवरची दुकाने व्यापली. रात्रपाळीवरून परतलेला, झोप न येणारा, दुपारी पडदे ओढून पडलेला वाचक या साहित्याचा हक्काचा वाचक होता. समीक्षेने या वाचकाला ‘रंजनलोलुप’ म्हटले आणि त्याच्या वाचनाचा विषय तेथेच संपविला.

खरे पाहता हा वाचक दोन वाङ्मयप्रकारांतील भेद समीक्षेइतकाच नेमका ओळखत होता. रहस्यकथा आणि गूढकथा हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. परंतु त्यांचा वाचकाशी असलेला करार भिन्न आहे. नारायण धारपांची भयकथा किंवा रत्नाकर मतकरींची गूढकथा शेवटी काहीतरी उकललेले ठेवत नाही. न उकलणे हीच तिची फलश्रुती असते. रहस्यकथेला हे स्वातंत्र्य नाही. तिने प्रश्न विचारला की उत्तर दिलेच पाहिजे. ते उत्तर पानांच्या आत असले पाहिजे, आणि ज्या माणसांशी वाचकाची ओळख झालेली आहे त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी बोट दाखविले पाहिजे. या कराराचे सर्वांत कडक पालन करावयाचे तर जागा बंदिस्त हवी. बेट ही अशी जागा होय. बाहेरचा कोणी आला नाही, आतला कोणी गेला नाही, एवढे सिद्ध झाले की संशयितांची यादी पूर्ण होते.

ॲगाथा ख्रिस्तीच्या १९३९ मधील ‘अँड देन देअर वेअर नन’ या कादंबरीने ही रचना टोकाला नेली. डेव्हनच्या किनाऱ्याजवळील काल्पनिक बेट, दहा माणसे, वादळ, आणि एकामागून एक मृत्यू. मराठी प्रेक्षकाला हे कथाबीज पडद्यावर भेटले ते राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गुमनाम’ या १९६५ च्या हिंदी चित्रपटातून. त्यात विमानाने अनोळखी जागी सोडून दिलेले प्रवासी एका निर्जन हवेलीत अडकतात. ख्रिस्तीच्या बेटावर दीपगृह नाही, आणि तिला त्याची गरजही नव्हती, कारण तिचा विषय न्याय हा होता. दीपगृह आले की त्या रचनेत कर्तव्य हा दुसरा विषय शिरतो. बेटावर माणसे अडकलेली असतात, पण दीपगृहात ती नेमलेली असतात. त्यांना तेथे राहण्याचा पगार मिळतो, आणि काहीही घडले तरी दिवा चालू ठेवण्याची अट त्यांच्यावर असते.

पी. डी. जेम्स यांची ‘द लाइटहाऊस’ ही २००५ मधील कादंबरी या दोन विषयांच्या मधोमध उभी आहे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापलीकडील कोंब हे तिचे काल्पनिक बेट. एका जुन्या घराण्याच्या मालकीचे हे बेट आता मोठ्या जबाबदारीच्या पदांवरील थकलेल्या माणसांना निर्धास्त विश्रांती देण्यासाठी राखून ठेवलेले आहे. नेथन ऑलिव्हर हा ख्यातनाम कादंबरीकार याच बेटावर जन्मलेला. एका सकाळी त्याचा देह दीपगृहाच्या कठड्याला टांगलेला आढळतो. कमांडर ॲडम डॅल्ग्लीश, त्याची सहकारी केट मिस्किन आणि तरुण बेंटन-स्मिथ तपासाला येतात. पुढे आणखी एक खून होतो, डॅल्ग्लीश सार्सने आजारी पडतो, बेटावर विलगीकरण लागू होते आणि तपासाची धुरा केटवर येते. सुरक्षिततेसाठी निवडलेले बेटच अशा रीतीने दोनदा बंदिस्त होते, एकदा संशयाने आणि एकदा संसर्गाने. २०२० च्या टाळेबंदीनंतर हा भाग वाचणाऱ्यास त्यातील भीती वेगळ्या अर्थाने ओळखीची वाटते.

या कादंबरीतील दीपगृह मात्र कामाचे उरलेले नाही. ते जपलेले आहे, दाखविण्याजोगे आहे, पण त्याच्या दिव्यावर कोणतेही जहाज अवलंबून नाही. म्हणूनच तेथे टांगलेला मृतदेह त्या वास्तूच्या अर्थाशी विसंगत वाटण्याऐवजी त्याचा शेवट वाटतो. वाट दाखविण्यासाठी बांधलेली उंची आता केवळ दिसण्यासाठी उरली आहे. तेथे टांगलेले प्रेतही तसेच केवळ दिसते. स्तंभ आणि गृह यांतील भेद येथे कथानकाच्याच पोटात आला आहे. डॅल्ग्लीशचे काम त्या स्तंभाच्या आत शिरून तेथे कोण वर चढले याचा हिशेब लावण्याचे आहे.

दीपगृहावरील मृत्यूकडे संशयाने पाहण्याची सवय कादंबरीने लावलेली नाही. ती तेथील कामाच्या इतिहासातच आहे. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्मॉल्स नावाचे खडक आहेत. तेथील लाकडी दीपगृहात १८०१ च्या सुमारास टॉमस हॉवेल आणि टॉमस ग्रिफिथ असे दोन रखवालदार होते. त्यांचे आपसांत पटत नसे, हे किनाऱ्यावर सर्वांना माहीत होते. ग्रिफिथ मरण पावला. हवामानामुळे होडी येईना. प्रेत समुद्रात सोडले तर खुनाचा आळ आपल्यावर येईल या भयाने हॉवेलने एक पेटी तयार केली, प्रेत तीत ठेवले आणि ती पेटी दीपगृहाच्या बाहेर बांधून ठेवली. असे अनेक आठवडे गेले आणि त्या काळात त्याने दिवा विझू दिला नाही. किनाऱ्यावर परतला तेव्हा तो ओळखू न येण्याइतका बदललेला होता, असे सांगितले जाते. त्यानंतर ब्रिटिश दीपगृहांवर दोनांऐवजी तीन माणसे ठेवण्याची प्रथा रूढ झाली.

या घटनेत रहस्यकथेचे सारे गणित साठविलेले आहे. दोघांत एक मेला तर रहस्य उरत नाही, आरोप उरतो. तिसरा माणूस आला की ‘कोण?’ हा प्रश्न शक्य होतो. प्रशासनाने तिसरा माणूस साक्षीदार म्हणून नेमला, आणि नकळत कादंबरीला तिचे पहिले संशयितमंडळ मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हॉवेलचे भय. तो निरपराध होता, पण आपले निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी त्याला मृत सोबत्याशेजारी राहावे लागले. रहस्यकादंबरीत निरपराधांचाही असाच छळ होतो. खुनी सापडेपर्यंत प्रत्येक जण संशयित असतो, आणि खुनी सापडल्यावरही ज्यांची गुपिते उघडी पडली त्यांना ती परत झाकता येत नाहीत.

तीन माणसे ठेवूनही तिघेही नाहीसे झाले, असे पुढे शंभर वर्षांनी घडले. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील फ्लॅनन बेटांवरील दीपगृह १८९९ च्या डिसेंबरात प्रथम उजळले होते. त्यानंतर एकाच वर्षाने, १९०० च्या डिसेंबरात, जेम्स ड्यूकट, टॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर हे तिघे तेथून नाहीसे झाले. वादळामुळे उशिरा निघालेली ‘हेस्परस’ ही नौका २६ डिसेंबरला पोहोचली, तेव्हा त्यांना घ्यायला धक्क्यावर कोणी आले नाही. जोसेफ मूर वर गेला. बिछाने रिकामे होते. शेवटची नोंद १५ डिसेंबरच्या सकाळची होती. पावसात घालावयाचा एक पोशाख आतच टांगलेला होता. अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड यांनी पाहणी करून निष्कर्ष काढला की पश्चिमेकडील धक्क्यावर सामान सुरक्षित करण्यास गेलेल्या या माणसांना प्रचंड लाटेने ओढून नेले असावे. तो निष्कर्ष साधा होता, पुराव्याशी जुळणारा होता, आणि लोकांना तो पुरला नाही.

बारा वर्षांनी विल्फ्रिड गिब्सन या कवीने या प्रसंगावर कविता लिहिली. तिच्यातील मांडलेले जेवण आणि उलटलेली खुर्ची लोकांच्या मनात वस्तुस्थिती म्हणून रुजली; मूरच्या पाहणीत स्वयंपाकघर आवरलेले होते. पुढे रखवालदारांच्या रडण्याच्या आणि प्रार्थनेच्या नोंदी छापून आल्या. त्याही बनावट असल्याचे नंतरच्या शोधात आढळले. कोणी वेडाचा तर्क केला, कोणी खुनाचा, कोणी समुद्रराक्षसाचा. लाटेने माणसे मरतात हे ठाऊक असलेल्या समाजालाही ‘लाट’ हे उत्तर सोसवत नाही. लाटेला हेतू नसतो, आणि ज्याला हेतू नाही त्याला जाब विचारता येत नाही. फ्लॅननची घटना गूढकथा होऊन राहिली. तिला रहस्यकथा बनविण्याचा हट्ट शंभर वर्षे चालू आहे. एमा स्टोनेक्स यांच्या २०२१ मधील ‘द लॅम्पलाइटर्स’ या कादंबरीने तो हट्ट सर्वांत समंजसपणे पुरविला. तेथे १९७२ मध्ये कॉर्नवॉलजवळच्या एका दीपगृहातून तीन रखवालदार नाहीसे होतात आणि वीस वर्षांनी एक लेखक त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांना प्रश्न विचारतो. या कादंबरीत बेटाइतकेच महत्त्व किनाऱ्यावरील स्वयंपाकघरांना आहे. दिवा सांभाळणाऱ्याची हजेरी त्याच्या घरातूनही घ्यावी लागते, ही जाणीव तिने या प्रकारात आणली.

ज्यूल व्हर्नच्या मरणोत्तर, १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीपगृहाच्या कादंबरीत मात्र रहस्य नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील बेटावर चाचे दोन रखवालदारांना मारतात, वास्केझ हा तिसरा लपून वाचतो, आणि दिवा विझल्यामुळे जहाजे खडकावर आपटतात. येथे खुनी पहिल्यापासून ठाऊक असतात. गुन्ह्याची व्याप्ती मात्र मृतदेहांपुरती राहत नाही. दिवा विझविणे हाच मोठा खून ठरतो, कारण त्याचे बळी अद्याप समुद्रावर वाट चालत असतात. दीपगृहाच्या प्रत्येक कादंबरीत हे दुसरे भय, न दिसणाऱ्या प्रवाशांचे भय, पार्श्वभूमीला असतेच.

मराठीत अशी कादंबरी लिहावयाची झाली तर तिच्यासाठी भूमी तयार आहे. थळच्या समोरील खांदेरीवर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने पाय रोवले आणि इंग्रजांशी झुंज दिली. त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. तेथे वेताळाचे ठाणे आहे आणि कोळी समाजाची त्यावर श्रद्धा आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत खांदेरीही आहे. कुलाब्याच्या टोकापलीकडे १८७५ चे प्रॉंग्ज दीपगृह आहे, आणि दक्षिणेकडे वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांच्या समूहावरही दीपगृह आहे. त्या समूहातील गुहेत पाकोळ्यांची वस्ती असून त्यांच्या घरट्यांची चोरटी विक्री २००१ मध्ये उघडकीस आली. निर्जन बेट, दिवा आणि गुन्हा यांची सांगड कोकणात अशी कल्पनेबाहेरही पडलेली आहे.

तथापि कोकणाचे बेट इंग्रजी बेटासारखे बंद होत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. खांदेरी किनाऱ्यावरून दिसते. कोळ्यांच्या होड्या तिच्या भोवती रोज फिरतात. येथे समुद्र ही भिंत नसून रस्ता आहे. हा रस्ता बंद होतो तो पावसाळ्यात. ज्येष्ठ लागला की होड्या वाळूवर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला कोणी हात लावत नाही. महाराष्ट्र शासनाची यांत्रिक मासेमारीवरील बंदीही १ जून ते ३१ जुलै अशी याच ऋतूशी जुळणारी आहे. ख्रिस्तीला बेट बंद करण्यासाठी वादळ योजावे लागले. मराठी लेखकाला पंचांग पुरेसे आहे. आषाढातले दीपगृह, संपत आलेला शिधा, किनाऱ्यावर दिसणारे पण न पोहोचता येणारे गाव, आणि सर्वांना दिसणारा दिवा, एवढ्या सामग्रीतून येथल्या मातीची रहस्यकादंबरी उभी राहू शकते. तिच्यात परकेपणापेक्षा जवळिकीचे भय अधिक असेल, कारण बेटावरचा माणूस मदतीसाठी ओरडतो आहे की दिवा नेहमीप्रमाणे फिरतो आहे, हे किनाऱ्यावरून कळणार नाही.

येथे खापरखेड्याच्या वाचकाचा अनुभव पुन्हा उपयोगी पडतो. बंदिस्त वर्तुळ त्याला समजावून द्यावे लागत नाही. रात्रपाळीतील कंट्रोल रूममध्ये कोण कोण आहे हे पाळी सुरू होतानाच ठरलेले असते. फाटकावर नोंद होते. लॉगबुकात ठरावीक वेळांनी दाब, तापमान, भार लिहिला जातो. पाळी सोपविताना आधीच्या पाळीने काय पाहिले हे पुढच्या पाळीला सांगितले जाते. परिसरातील सिल्लेवाडा, वलनी यांसारख्या कोळशाच्या भूमिगत खाणींत हीच शिस्त अधिक कठोर रूपात आढळते. खाली उतरणारा कामगार लॅम्प रूममधून टोपीचा दिवा घेतो आणि वर आल्यावर तो परत करतो. पाळी संपली आणि एका खुंटीवरचा दिवा परत आला नाही, तर एक माणूस अद्याप खाली आहे हे कळते. माणसाची हजेरी येथे दिव्याने घेतली जाते. डॅल्ग्लीश किल्ल्या मोजतो, लॅम्प रूममधील कामगार दिवे मोजतो. दोघांचीही कृती एकाच श्रद्धेवर उभी आहे, की ज्याची गणती झाली तो हरवू शकत नाही.

रहस्यकादंबरीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो याच ठिकाणी उभा राहतो. कामावर मरणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांचा खून होतो. बहुतेक जण लाटेने, वाफेने, छत कोसळून, विजेच्या धक्क्याने किंवा थकव्याने मरतात. पोलीस ठाण्यात त्यांची ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली, आणि त्यापूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली, अशा मृत्यूची चौकशी अपेक्षित असते. पण ‘अकस्मात’ हा शब्दच प्रश्नाची धार बोथट करतो. अकस्मात जे घडते त्याला कर्ता नसतो. या वास्तवापुढे रहस्यकादंबरी एक सोयीचे असत्य सांगते असे म्हणता येईल: प्रत्येक मृत्यूमागे एक खुनी असतो, तो हुशार असतो, त्याला कारण असते, आणि शेवटच्या प्रकरणात तो पकडला जातो. वाचकाला मिळणारे समाधान हे न्यायाचे नसून न्यायाच्या चित्राचे असते.

हा आक्षेप खरा आहे, पण पुरा नाही. रहस्यकादंबरीचे उत्तर काल्पनिक असले तरी तिचा प्रश्न काल्पनिक नाही. ‘हे कसे घडले, त्या वेळी कोण कोठे होते, दार उघडे का होते, दोर का झिजला होता, आणि हे कोणाला आधी ठाऊक होते?’ हे प्रश्न लाटेने मेलेल्या माणसाबद्दलही विचारता येतात. म्यूरहेड यांनी ते विचारले होते. धक्क्यावर किती उंचीपर्यंत नुकसान झाले आहे, कोणाचा पोशाख आत राहिला आहे, हे त्यांनी पाहिले. त्यांचा अहवाल म्हणजे खुनी नसलेली रहस्यकथाच आहे. समाजाने त्या अहवालाऐवजी उलटलेली खुर्ची लक्षात ठेवली यात दोष रहस्यकथेचा नाही. दोष अर्ध्या वाचनाचा आहे. रहस्यकथेपासून खुनी घेणारा आणि चौकशी न घेणारा वाचक तिचे सर्वस्व गमावतो. जिला खुनी सापडत नाही पण चौकशी सोडवत नाही, अशी रहस्यकादंबरी कामगारवस्तीच्या वाचकाला सर्वाधिक जवळची ठरेल.

दीपगृहांवरील खुनाच्या या कादंबऱ्या कोणत्या काळात बहरल्या हे पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडमधील माणसांनी चालविलेले शेवटचे दीपगृह, फेअर आइल बेटाच्या दक्षिण टोकावरचे, १९९८ च्या मार्चअखेर स्वयंचलित झाले. जेम्स यांची कादंबरी त्यानंतर सात वर्षांनी आली. त्याच फेअर आइलवर, दीपगृहाच्या वास्तूत चालणाऱ्या पक्षिनिरीक्षण केंद्रात खून घडविणारी ॲन क्लीव्ह्ज यांची ‘ब्ल्यू लाइटनिंग’ २०१० मध्ये. स्टोनेक्स यांची २०२१ मध्ये. भारतात १९२७ चा दीपगृह अधिनियम जाऊन २०२१ मध्ये त्याच्या जागी नौवहनाच्या सागरी साहाय्यांविषयीचा नवा अधिनियम आला. कायद्याच्या शीर्षकातूनही घर नाहीसे झाले आणि साहाय्य तेवढे उरले. रखवालदार गेल्यावर त्याचा शोध सुरू झाला. जोवर तो जिन्यावर होता तोवर साहित्याने त्याच्या दिव्याचे उपमान केले. तो गेल्यावर त्याच्या खोलीची झडती घेतली.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने यातून निघणारे सूत्र स्पष्ट आहे. रहस्यकथेचा अभ्यास केवळ लोकप्रियतेचे समाजशास्त्र म्हणून करणे अपुरे आहे. अर्नाळकरांपासून शिरवळकरांपर्यंतच्या पुस्तकांत कोणाच्या मृत्यूला उत्तर मिळण्याइतके मोल आहे आणि कोणाचा मृत्यू वाटेत पडलेला आहे, पहारेकरी, लिफ्टमन, मोटारचालक, खलाशी यांची हजेरी कोणी घेतली आणि कोणी नाही, हा प्रश्न या वाङ्मयाला विचारला पाहिजे. तो विचारताना त्याचे वाचक कोण होते हेही विसरता कामा नये. खापरखेड्यासारख्या गावांत ज्यांनी ही पुस्तके फाटेपर्यंत वाचली त्यांना शेवटी खुनी सापडतो याची खात्री हवी होती, हे खरे. पण त्यांना आणखीही एक गोष्ट या पानांतून मिळत होती. माणूस कितीही सामान्य असो, रात्रीच्या पाळीत एकटा असो, त्याचे काय झाले हे विचारायला कोणीतरी होडी घेऊन येईल, जिना चढेल आणि उत्तर मिळाल्याखेरीज उतरणार नाही, हे ते आश्वासन होय. प्रत्यक्ष जगाने ते क्वचितच पाळले आहे. म्हणूनच ते लिहिले जाणे, आणि पुन्हा पुन्हा वाचले जाणे, आवश्यक ठरते.